काडीकिड्यांचं लेंडीखत

मी काडीकिड्यांची अंडी लेंडीखत समजून गल्लीभर वाटली, आणि वर्षभराने त्याच अंड्यांतून निघालेले किडे झाडांवर दिसले तेव्हा नवा शोध लागला म्हणून पेढेही वाटले. एवढं एका दमात सांगून टाकलेलं बरं. हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठून अंगणातल्या जांबाखाली जाऊन आले आहे. तिसऱ्यांदा उठायच्या आत मुख्य गुन्हा कागदावर आला म्हणजे सुटले.

गोष्ट थोड्याच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी तरुण होते, पासष्टीची. जालना जिल्ह्यातल्या अंबडला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. त्या वेळच्या मला मी आता 'त्या बाई' म्हणते, कारण आमचं फारसं जमत नाही. त्या बाईंना सगळं माहीत होतं. फळ्यावर 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष' असं सुवाच्य अक्षरात लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. स्वतः मात्र निष्कर्षाच्या एसटीत बसायच्या आणि खिडकीतून काय दिसेल त्याला निरीक्षण म्हणायच्या.

माझी नात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर काडीकिड्यांचा अभ्यास करते. कोणत्या जातीचे किडे आहेत, कोणत्या उंचीवर आहेत, कोणतं झाड खातात, याची नोंद ठेवायची हे तिचं काम. ज्यांनी काडीकिडा पाहिला नाही त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळकी काडी डोळ्यांपुढे आणावी. तिला सहा पाय फुटले, आणि तुम्ही बघताय असं कळल्यावर ती वाऱ्याने हलल्याचं सोंग करू लागली, की झाला काडीकिडा. मादी जाडजूड आणि सुस्त. नर इतका बारीक की नवरा-बायको म्हणून ओळख करून दिली तरी विश्वास बसू नये. म्हणून तर जात ओळखायला नुसता किडा पुरत नाही, त्यांची अंडीही बघावी लागतात.

पहिल्या वर्षी ती मला जंगलात घेऊन गेली. जालन्याच्या माणसाला ते जंगल सोसत नाही. ढग खांद्यावर येऊन बसतो, धुतलेलं लुगडं आठवडाभर ओलं राहतं आणि जळवा घोट्यापाशी चौकशीला येतात. त्या बाई नातीची पँट घालून, मोज्यात तंबाखू भरून चालत होत्या आणि दर दहा पावलांना 'अजून किती वर?' विचारत होत्या. नात एक पांढरी छत्री फांदीखाली उलटी धरायची, फांदीवर काठी मारायची आणि छत्रीत काय पडलं ते बघायची. दिवेलागणीनंतर हेच काम टॉर्च घेऊन, कारण काडीकिडे अंधार पडला की चरायला निघतात. थोडं चढायचं, झोडपायचं, लिहायचं. पुन्हा थोडं चढायचं.

त्यात एक जात होती. हिरवी, सडपातळ, पुढच्या पायांच्या मुळाशी कुंकवाच्या बोटाएवढा लाल रंग. ती वरच्या कातळावर नव्हती आणि खालच्या सागातही नव्हती. ढग जिथे अडतो तेवढ्याच ओल्या पट्ट्यात ती सापडायची. नात बाकीच्या जागांपुढेही इमानेइतबारे 'नाही' असं लिहीत होती.

"सापडला न्हाई तर लिहून कामून राह्यली गं?" मी विचारलं.

"आजी, न्हाई हेच तर लिहायचं असतं. कुठं न्हाई ते कळलं, तर कुठं हाय त्याला अर्थ."

त्या बाईंनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पोरगी कागद वाया घालवून राह्यली.

पण मुद्दा कळला होता. ही जात फक्त त्या पट्ट्यात राहते, हे दाखवायचं होतं. नातीचा सगळा प्रबंध त्या एका 'फक्त'वर उभा होता.

मग तिने वनखात्याची परवानगी काढून त्या जातीच्या थोड्या माद्या अंड्यांसाठी खाली आणल्या. वसतिगृहात त्यांना बघून खोलीतली मैत्रीण किंचाळत जिना उतरली, म्हणून त्या अंबडला आल्या. माझ्या मागच्या खोलीत जाळीचा पिंजरा, वर ओलं गोणपाट, आत बाटलीत जांबाच्या फांद्या. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात त्यालाच आमच्याकडे जांब म्हणतात, आणि या घाटावरच्या माहेरवाशिणींना तो इतका आवडला की सकाळी देठ उरायचे. संध्याकाळी पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कागदावर टपटप आवाज यायचा. त्यातली काही अंडी असायची, बाकीच्या लेंड्या. अंडी धन्यासारखी दिसतात, धन्याहून बारीक, आणि एका टोकाला इवलंसं झाकण. नातीचा हुकूम असा की भिंगाखाली बघून एकेक अंडं कुंचल्याने वेगळं काढायचं.

त्या बाईंनी हे दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी कंबर मोडली आणि त्यांनी सूप काढलं.

सूप हातात आलं की त्या बाईंना कुणी काही शिकवायचं नाही. ज्वारी, बाजरी, तूर, सगळं पाखडलेला हात. जड असेल ते सुपात राहील, हलकं असेल ते उडेल, यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? सुपात राहिली ती अंडी, ओल्या वाळूच्या डबीत घालून नातीकडे. उडाल्या त्या लेंड्या. त्या खाली पसरलेल्या कागदावरून गोळा करून पिशवीत. भिंग कपाटात.

आणि शेतकऱ्याघरच्या लेकीला लेंडी दिसली की ती कोणत्या झाडाला घालायची हेच आधी सुचतं. बकरीची चालते, मग ही का नको? शिवाय घाटावरच्या हिरव्या पाल्याची, म्हणजे उंची माल. थोडं माझ्या जांबाला घातलं. न्हाणीचं पाणी त्याच आळ्यात जातं, तेव्हा ते मुरायलाही सोपं. एक पिशवी तीर्थपुरीच्या धाकट्या जावेला पाठवली, तिच्या शेतातल्या जांबासाठी. एक आमच्या विहारातल्या गुलाबांना. एक गल्लीतल्या शिवणकाम करणारीला. पुढे माद्या म्हाताऱ्या होऊन मेल्या, नात त्या मोजून, स्पिरिटच्या बाटल्यांत घालून घेऊन गेली. पिंजरा धुऊन माळ्यावर गेला.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला लागल्यावर एका सकाळी देवपूजा नसलेल्या माझ्या घरात मी मोठ्याने 'अगं माय!' म्हणाले. जांबावर हिरवी काडी. तिच्या पुढच्या पायांशी लाल रंग.

फोटो पाठवला. नातीचा फोन लगेच आला.

"आजी, पिंजऱ्यातली सुटलेली असंल."

"एक बी सुटली न्हाई. मोजून तुझ्या हातात दिल्त्या."

"बराबर आठवतं?"

"तुझी शपथ."

त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. एकही सुटली नव्हती. ठेच लागली ती तिथेच.

चार दिवसांनी तीर्थपुरीहून जावेचा फोन. "ताई, तुमच्या त्या चालत्या काड्या मपल्या जांबावर बी चढल्यात. फवारणी करू का?"

"खबरदार! हात लावू नको, मी येऊन राह्यले!"

पहिल्या बसने गेले. तीच जात, चांगली पाच-सहा पोरंबाळं. आता अंबडच्या पिंजऱ्यातली मादी काही तिकीट काढून तीर्थपुरीला जाणार नव्हती. याहून वेगळा पुरावा काय हवा होता? येताना स्टँडवर पेढे घेतले. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर अंगठे आणि फुलं आली. रविवारी विहारात वंदनेनंतर महिला मंडळाने बोलायला उभं केलं, आणि बोलता बोलता बाईंना समोरच्या गुलाबावर तिसरी जागा दिसली. टाळ्या. त्या बाई तेव्हा जमिनीला पाय न लावता घरी आल्या.

नातीच्या सरांनी फोटो बघितले आणि बाईंसारखा आनंद त्यांना झाला नाही. जी जात कोरड्या जालन्यात शेताशेतात दिसते, ती 'फक्त' घाटमाथ्यावरच्या ओल्या पट्ट्यात आहे असं कसं लिहायचं? प्रबंधातलं ते प्रकरण मागे घ्या, नकाशा नव्याने काढा, जंगलातलं काम थांबवा आणि आधी जालना पिंजून काढा, असं त्यांनी सांगितलं. पावसाळ्याचे जे दिवस किडे पूर्ण वाढतात, नेमके तेच दिवस.

"म्हंजे आजी, माझा पट्टा गेला," नात फोनवर म्हणाली.

"गेला कुठं येडे, वाढला!"

फोन बंद झाला की तिकडचं जंगलही बंद होतं, पण त्या दिवशी ते काही क्षण चालूच राहिलं. पानांवर पाणी गळत असल्याचा आवाज येत होता.

तेव्हापासून माझं बूड जमिनीला टेकेना. चहा ठेवायचा आणि उकळू लागला की बाहेर जायचं. पोरीचं एक गेलं ना, मग तिला दुसरं भरघोस मिळवून देऊ, असं त्या बाईंनी ठरवलं. जुन्या छत्रीला पांढरं परकराचं कापड शिवलं आणि निघाल्या. सकाळी गल्ल्या, दुपारी शेतं. अंतरवाली सराटीकडे गेले तेव्हा चौकातल्या चहावाल्याने उलटी छत्री बघून विचारलं, "बाई, बोरं पाडून राह्यल्या का? अजून मोसम आला न्हाई."

"काड्या पाडून राह्यले."

"त्या तर खालीच पडल्यात की."

बाभळी झोडपल्या, करंज झोडपले, कडेचे जांब झोडपले. अळ्या पडल्या, कोळी पडले, एकदा मुंग्यांचं अख्खं घर पडलं आणि बाई नाचत नाचत बांधावरून खाली आल्या. काडीकिडा एकही नाही. रिकाम्या जागा त्या बाईंनी लिहिल्या नाहीत. मिळालं नाही ते काय लिहायचं? फक्त रात्री झोप लागेना. पाय दुखत असून चालावंसं वाटायचं. एवढे जांब रिकामे, आणि माझाच कसा भरलेला?

शेवटी उरली समोरची. गल्लीच्या पलीकडे, दारात मोठा थोरला जांब. तिच्याशी माझं बोलणं नव्हतं, कारण माझ्या शेवग्याची रस्त्यावर आलेली फांदी तिने न विचारता तोडली होती. छत्री घेऊन मी तिच्या फाटकाशी तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेला ती स्वतःच बाहेर आली.

"या की. फांदी न्यायला आल्या का?"

"जांब बघायचा व्हता."

"बघा. पैसे पडत न्हाईत."

मी झोडपलं. पानं पडली. दुसरीकडून झोडपलं. एक सुरवंट पडला.

"न्हाई घावायचं," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एक पान कुरतडलेलं न्हाई मपल्या झाडाचं."

"पण असं कसं? माझं झाड तर हे समोर."

"बिलकुल असंच. तुमच्या त्या काड्या मानपान बघून येत्यात, बाई. शिवणकामवालीला खत दिलं, तिच्या कढीपत्त्याशेजारच्या गुलाबावर आल्या. विहारात दिलं, तिथं आल्या. जावंला पाठवलं, तिथं आल्या. आम्हाला कुठं दिलं तुम्ही? आम्ही शेवगा तोडला ना!"

शिवणकामवालीच्या गुलाबावर आल्यात हे मला ठाऊकही नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. छत्री हातात, तिच्यात तो सुरवंट, आणि तो कापडावर चढून माझ्या मनगटाकडे यायला लागला तरी मला हलता येईना.

"काय झालं? पाणी देऊ का?" समोरचीचा आवाज बदलला होता.

मी पाणी न पिता घरी आले. माळ्यावर पिंजऱ्यासोबत एक उरलेली पिशवी होती. ती उतरवली, भिंग काढलं आणि कागदावर चमचाभर ओतलं. लेंड्या. लेंड्या. मग एक अंडं. मग दुसरं. सुपातून उडालेली, हलकी, झाकणवाली. नुसत्या डोळ्यांनी तीसुद्धा लेंडीच वाटली असती. पण दोन दिवस भिंगाखाली हेच तर वेगळं करायला शिकले होते मी. जातीचा पसारा म्हणून जो पोरीच्या नकाशावर गेला, तो माझ्या ओळखीपाळखीचा पसारा होता. ज्यांच्याशी बाईंचं बोलणं, त्यांच्याकडे किडे. ज्यांच्याशी अबोला, तिथे नाही.

फोन लागेना. लागणार कसा, ती जंगल सोडून रेंज नसलेल्या घाटातून अंबडला यायला निघाली होती, जालना पिंजून काढायला. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर इतकी लवकर गेले की झाडणारीने मला दोनदा पाय उचलायला लावले. या फलाटावरून त्या फलाटावर. नियंत्रकाने विचारलं, "आजी, कोणती गाडी पाहिजे?" म्हटलं, "येणारी."

ती उतरली. पाठीवर सॅक, काखेत पांढरी छत्री, गालावर डास चावल्याचे डाग. 'कशी आहेस' म्हणायच्या आधी मी बोलून टाकलं. लेंडीखत, पिशव्या, समोरचीचा जांब, सगळं. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी चढत-उतरत होती. ती सॅकवरच बसली.

"भिंग लावलं न्हाई?"

"दोनच दिवस लावलं."

"मंग?"

"सूप."

तिने डोळे मिटले. मग सरांना फोन लावला. सर काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, आवाज मात्र मोठा होता. "हो सर," ती म्हणत होती. "नाही सर, चूक माझी आहे. मी तपासलं नाही." मी समोर उभी राहून छातीवर हात आपटून खुणा करत होते, माझी चूक, माझी. तिने पाठ फिरवली.

नकाशावरचे ते ठिपके निघाले. पट्टा तिला परत मिळाला, 'फक्त'सकट. पण जंगलात त्या दिवसांच्या नोंदी झाल्या नव्हत्या, आणि गेलेला पाऊस काही कुणी परत पाडून देत नाही. काम एक पावसाळा पुढे गेलं.

त्याआधी इथलं निस्तरायचं होतं. या किड्यांना इथे राहू देणं बरं नव्हतं, आणि पिंजऱ्यात वाढलेली पिल्लावळ परत जंगलात सोडायचीही नसते. दिसेल तो किडा उचलून डब्यात. त्यानंतर झाडाखालची वरची माती खरवडून, तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं. तीर्थपुरीची धाकटी जाऊ म्हणाली, "मी तवाच फवारते म्हणले व्हते, तर माझ्यावर वराडल्या." शिवणकामवालीने माप घ्यायची टेप गळ्यात ठेवूनच गुलाब उपटला. विहारात मला जड गेलं. दर रविवारी जीवहत्या न करण्याचं शील मी मोठ्याने म्हणते, सगळ्यांच्या पुढे, आणि त्याच अंगणात मी पातेलं कलतं केलं. वाफ तोंडावर आली. नातीने दुसरं पातेलं आणलं. माझ्या जांबाच्या वेळी मात्र समोरची स्वतःहून आली, दोन्ही हातांत फडक्याने धरलेला उकळत्या पाण्याचा हंडा. "चला," म्हणाली, "ह्या कामाला तरी आठवण झाली आमची." तिला कुणी बोलावलं नव्हतं.

जायच्या दिवशी नात ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी आत-बाहेर करत होते. डबा भरला, पाण्याची बाटली भरली, भरलेली बाटली पुन्हा भरली. शेवटी तिच्यासमोर येऊन उभी राहिले आणि विचारलं, माझा राग आला असंल ना? तिने नाडीची गाठ पुरी केली आणि वर बघितलं. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"राग तुझा न्हाई आला, आजी. दुसऱ्या कुणी तो फोटो पाठवला असता ना, तर मी धा प्रश्न विचारले असते. पिंजरा कसा धुता, कचरा कुठं टाकता, ते सुद्धा विचारलं असतं. तू व्हतीस म्हणून एका शपथेवर थांबले, त्याचा राग आला. आता विचारून राह्यले. नीट आठवून सांग, अजून कुणाला दिलं?"